कंथा, वाकळ आणि गोधडी : भिवंडी तालुक्यांतील एका अलिखित साधनाचा विचार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, बखरी, सनदा व मोडी पत्रें यांचीं नांवें ओळीनें घेण्याचा आपला प्रघात आहे, आणि तो योग्यहि आहे. कै. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें उजेडांत आणलीं, इ. स. १९१० सालीं त्यांनीं व कै. मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, पुढें कै. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. या थोर उद्योगामुळें महाराष्ट्राचा राजकीय इतिहास पुराव्याच्या पायावर उभा राहिला. परंतु या सर्व साधनांत एक उणीव आहे. ज्यांच्या हातीं लेखणी होती, त्यांनींच तीं बहुतेक सर्व लिहिलेलीं किंवा लिहविलेलीं आहेत. ज्या स्त्रियांच्या हातीं केवळ सुई होती त्यांनीं मागें काय ठेविलें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचें एक उत्तर सुचवावयाचें आहे. तें उत्तर म्हणजे घरोघरची गोधडी.

गोधडी ही एका घराच्या दोन-तीन पिढ्यांच्या वस्त्रांची, थरावर थर रचलेली नोंद होय. ती नोंद नियमानें वाचतां येते. आणि ती वाचण्यास भिवंडी तालुक्यासारखें सोईचें क्षेत्र दुसरें मिळणें कठीण, हें या लेखाचें प्रतिपाद्य आहे.

१. शब्दविचार

संस्कृताच्या वर्गांत 'कन्था' हा शब्द आला म्हणजे मुलें हटकून विचारीत, "म्हणजे आपली गोधडीच ना, गुरुजी?" मुलांचें म्हणणें अर्थदृष्ट्या बरोबर असे, पण या शब्दाच्या वाटेंत एक खळगा आहे, तो अभ्यासकानें ध्यानांत ठेवला पाहिजे. पाणिनीच्या अष्टाध्यायींत कन्था हा शब्द दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत आला आहे. पैकीं दुसऱ्या अध्यायांतील नियम असा कीं, उशीनर देशांतील स्थळाचें नांव म्हणून कन्थान्त तत्पुरुष समास येत असेल तर तो नपुंसकलिंगी होतो. उघडच येथें चिंध्यांच्या पांघरुणाचा संबंध नाहीं. हा कन्था शब्द नगरवाचक असून समरकंद या नांवाच्या शेवटचा 'कंद' त्याचाच भाईबंद होय, असें मत विद्वानांनीं मांडिलें आहे. तेव्हां पाणिनीच्या काळीं गोधड्या होत्या, असें या सूत्रावरून कोणीं सिद्ध करूं नये.

वस्त्रवाचक कन्था मात्र वैराग्यपर वाङ्मयांत ठायीं ठायीं भेटते. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती जीर्ण कौपीनाच्या जोडीनें येते. शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या चर्पटपंजरिकेंत रस्त्यावरील चिंध्यांची कन्था पांघरणारा योगी आहे. नाथपंथी जोग्याच्या वेषांतहि कंथा आहे. हिंदी 'कथरी' व बंगाली 'कांथा' हीं याच शब्दाचीं रूपें होत. मराठींत मात्र कंथा जोग्याकडे राहिली आणि घरांत दोन निराळे शब्द नांदले : गोधडी व वाकळ. हिंदींतील गुदडी व गुजरातींतील गोदडी हीं गोधडीचीं सख्खीं भावंडें आहेत. वाकळ हा शब्द माझ्या मतें वल्कलापासून आला असावा. पालींत वल्कलाचें 'वक्कल' होतें. पुढें जोडाक्षर सुटून मागील स्वर दीर्घ होणें व अन्त्य लकाराचा ळकार होणें हे मराठीचे नित्याचे नियम आहेत. तपस्व्याच्या अंगावरची झाडाची साल आणि कुणब्याच्या अंगावरची वाकळ यांत अर्थाचें अंतरहि फारसें नाहीं. मोल्सवर्थच्या कोशाच्या इ. स. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत. कानडी मुलखांत याच वस्तूला कौदी म्हणतात.

२. लेखांतील प्राचीन पुरावा

जुन्या कापडाचे तुकडे जोडून वस्त्र करण्याचा ठाम पुरावा पाहिजे असेल तर बौद्ध भिक्षूंच्या चीवराकडे वळलें पाहिजे. विनयपिटकांतील महावग्गांत उकिरड्यावरून व स्मशानांतून वेंचलेल्या चिंध्यांचें, म्हणजे पांसुकूल, चीवर सांगितलें आहे. मगधांतील शेतें व त्यांचे बांध जसे दिसतात तशी चीवराची जोडणी करावी, असें बुद्धानें आनंदास सुचविल्याची कथाहि तेथेंच आहे. चुल्लवग्गांत सुईचें घर, बोटांत घालावयाचें अंगुस्तान आणि कापड ताणून धरण्याची 'कठिन' नांवाची चौकट, इतक्या शिवणकामाच्या साहित्याचा विचार केलेला आहे.

हें झालें ग्रंथांतलें. महाराष्ट्रांतील लेखांत याच चीवराचा हिशेबसुद्धां सांपडतो. नहपानाचा जांवई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख सर्वांस ठाऊक आहे. त्यानें ३००० कार्षापण अक्षय्यनिधि म्हणून दिले; पैकीं २००० गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें, व १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें ठेविले. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा : २००० चें वर्षाचें व्याज २४०, आणि वीस भिक्षूंस प्रत्येकीं १२ म्हणजेहि २४०. एक कार्षापणहि इकडचा तिकडे होत नाहीं. वस्त्राचा पैसा विणकरांच्याच हातीं ठेवावयाचा, ही योजना लक्षांत ठेवण्यासारखी आहे; विणकरांच्या गांवाचा विचार पुढें यावयाचा आहे.

भिवंडीच्या जवळ यावें तर साष्टींतील कान्हेरीच्या लेखांतहि चीवरासाठीं दिलेल्या निधींचे उल्लेख आहेत, आणि त्यांतील पुष्कळ दाते कल्याणचे आहेत. खुद्द भिवंडी तालुक्यांत लोनाड येथें बौद्ध लेणें आहे. तालुक्यांतीलच भादाणें हें गांव लोनादित्याच्या देवळास दिल्याचा शिलाहार अपराजित याचा शके ९१९ (इ. स. ९९७) चा ताम्रपट प्रसिद्ध आहे. सारांश, या भूमीला लेखांचें दारिद्र्य नाहीं. भिक्षूच्या वस्त्राला किती पैसा लागे हें येथें दगडावर कोरलेलें आहे. पण त्याच काळीं कल्याणच्या व्यापाऱ्याच्या किंवा भादाण्याच्या शेतकऱ्याच्या घरांत रात्रीं मुलें काय पांघरीत, याविषयीं दगड व तांबें दोन्हीं मुकीं आहेत.

३. गोधडीची रचना

रचना ठाऊक नसेल तर गोधडीची साक्ष वाचतां यावयाची नाहीं. गादी व दुलई यांच्या पोटांत पिंजलेला कापूस असतो. गोधडीच्या पोटांत कापडच असतें. नऊवारी लुगडें नेसून नेसून मध्यें विरलें म्हणजे तें लागलींच टाकीत नसत. विरलेला भाग कापून दोन्हीं धड टोंकें एकमेकांस जोडीत. याला दंड घालणें म्हणत. दंड घातलेलें लुगडें आणखी कांहीं दिवस चाले. तेंहि फाटूं लागलें म्हणजे त्याचें जुनेर होई, आणि जुनेराचा मार्ग गोधडीकडे जाई. धोतरें, पंचे, उपरणीं, चोळ्यांचे तुकडे, मुलांचीं झबलीं हीं मधल्या थरांत जात. ज्याचा रंग व कांठ अजून शाबूत असे तें लुगडें वरच्या अंगास लावीत.

भातशेतीच्या या पट्ट्यांत गोधडी शिवण्याचा हंगाम कापणी-मळणी उरकल्यावरचा, विशेषतः चैत्र-वैशाखाचा. छपराची शाकारणी, लांकूडफाटा व सुकी मासळी यांच्या जोडीनें गोधड्यांची डागडुजी हीहि पावसाळ्याची बेगमीच होती. ओटीवर किंवा सारवलेल्या अंगणांत तळचें कापड ताणून पसरावयाचें, त्यावर थर बसवावयाचे, ते हलूं नयेत म्हणून कच्चे टांके घालावयाचे, आणि मग कडेपासून धांवदोऱ्यानें आंत आंत जावयाचें, अशी तिची रीत. शिवणारी बाई त्याच गोधडीवर बसते. तिच्या अंगाच्या भारानें कापड ताणलेलें राहतें. बौद्ध भिक्षूला जी कठिनाची चौकट लागे तिचें काम येथें शिवणारीचा गुडघा व पाऊल करतात. एका गोधडीवर सासू, सून व शेजारीण अशा दोन-तीन बायका बसल्या तर टांक्यांचें अंतर व ओळींची सरळता यांवरून कोणाचा हात कोठून कोठवर चालला हें जाणत्या नजरेस कळतें. मोडी कागदावर जसें हस्ताक्षराचें वळण, तसेंच हें टांक्याचें वळण समजावें.

येथें एका विसंगतीचा निर्देश केला पाहिजे. धर्मकृत्यासाठीं शास्त्रानें नवें, न शिवलेलें व दुसऱ्यानें न नेसलेलें वस्त्र सांगितलें आहे. गोधडी या तिन्ही कसोट्यांस उतरत नाहीं. ती जुनी, शिवलेली आणि अनेकांच्या अंगावरून उतरलेली. म्हणून सोंवळ्यांत धाबळीला मान मिळाला, गोधडीला मिळाला नाहीं. तरीपण बाळ जन्मास आलें म्हणजे त्याला प्रथम गुंडाळतात तें जुन्या मऊ कापडांतच, व निजवितात तेंहि आजीच्या जुनेराच्या दुपट्यावर. कारण नव्या कापडाची खळ व खरखर कोंवळ्या कातडीस सोसत नाहीं. शास्त्रानें जिला देवघराबाहेर ठेविलें तिच्याच कुशींत मनुष्याचा पहिला दिवस जातो. घरांतील बायकांनीं हा व्यवहार कोणत्याहि ग्रंथाचा आधार न विचारतां चालू ठेविला, हें समाजेतिहासाच्या अभ्यासकानें टिपून ठेवावें.

४. भिवंडीचें कापड

कामवारी नदीच्या कांठचें हें गांव इ. स. १६५७ त शिवाजी महाराजांनीं कल्याणाबरोबर घेतलें, तेव्हांपासून मराठ्यांच्या इतिहासांत त्याचें नांव आहे. परंतु भिवंडीला आजचें रूप आलें तें मागावर. एकोणिसाव्या शतकांत उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर येथें येऊन वसले. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले. हातमागावर येथें लुगडीं विणलीं जात. इ. स. १९३० च्या सुमारास यंत्रमाग आले व हळूहळू हातमागाची जागा त्यांनीं घेतली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप झाला, त्यानंतर गिरण्यांचें पुष्कळ काम भिवंडीच्या मागांकडे वळलें. आज भिवंडीची गणना देशांतील सर्वांत मोठ्या यंत्रमाग-केंद्रांत होते.

गांवाभोंवतालच्या खेड्यांत वस्ती आगरी, कुणबी, कोळी, वारली व कातकरी यांची. गांवांत कोंकणी मुसलमान, मोमीन, पद्मशाली, ब्राह्मण, वाणी असे सर्व प्रकारचे लोक. गोधडी ही यांतील कोणा एका जातीची वा धर्माची नव्हे. मोमिनाच्या मागावरचें लुगडें बाजारांत यावें, आगरी बाईनें तें लावणीच्या चिखलांत व लग्नाच्या मांडवांत नेसावें, विरल्यावर त्याला दंड घालावा, आणि शेवटीं त्याच्याच दुपट्यावर तिच्या नातवाला निजवावें, असा हा वस्त्राचा प्रवास आहे. इ. स. १९७० व १९८४ सालीं या गांवांत भीषण दंगे झाले. कागदोपत्रीं इतिहास लिहिणारा त्या वर्षांची नोंद करीलच, आणि त्यानें ती करावी. परंतु विणणारा एका धर्माचा व नेसणारी दुसऱ्या धर्माची, हा देवघेवीचा संबंध त्या दंग्यांहून फार जुना व फार लांबीचा आहे. दंग्याचे पंचनामे झाले, चौकशीचे अहवाल झाले. या संबंधाचा कागद कोणीं केला नाहीं. त्याचा पुरावा गोधडीच्या थरांतच शोधला पाहिजे.

५. कालनिर्णयाची रीत

आतां गोधडी वाचावी कशी, याचा विचार करूं. पहिला नियम नाण्यांच्या ठेव्यावरून घेतां येतो. पुरलेल्या हंड्यांत जें सर्वांत अलीकडचें नाणें असेल त्यापूर्वीं तो हंडा पुरला गेलेला असूं शकत नाहीं. त्याचप्रमाणें कोणतीहि गोधडी, आहे त्या स्वरूपांत, तिच्यांतील सर्वांत नव्या तुकड्याहून जुनी असूं शकत नाहीं.

दुसरा नियम उत्खननाचा. गोधडी फाटली म्हणजे ती उसवून टाकीत नसत. तिच्यावर नवें जुनेर घालून ती पुन्हां शिवीत. यास्तव वरचें अंग नातसुनेच्या काळचें, मधले थर सासूच्या काळचे आणि अगदीं पोटांतील चिंध्या आजेसासूच्या, असा प्रकार सहज संभवतो. टेकाड खणतांना जसे वरून खालीं जुने थर लागतात, तसें येथें बाहेरून आंत जावें.

तिसरा नियम रंगाचा व धाग्याचा. आपल्याकडे लाल रंग आल व मंजिष्ठ यांच्या मुळांचा आणि निळा रंग निळीचा असे. पर्किननें पहिला कृत्रिम जांभळा रंग इ. स. १८५६ त शोधून काढला. मंजिष्ठेंतील रंगद्रव्य इ. स. १८६९ मध्यें कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागलें. कृत्रिम नीळ इ. स. १८९७ त बाजारांत आली. मुंबईंत दावर यांची पहिली कापड गिरणी इ. स. १८५४ त स्थापन झाली, व त्यानंतर गिरणीचें एकसारख्या सुताचें कापड खेड्यांत पोंचूं लागलें. टेरिलीन या नांवानें जो पॉलिएस्टर धागा पुढें प्रसिद्धीस आला त्याचा शोध इ. स. १९४१ चा, आणि आपल्या घरांत तो शिरला इ. स. १९६० नंतर. म्हणजे ज्या थरांत हा धागा आहे तो थर स्वातंत्र्यापूर्वींचा म्हणून कोणीं दाखविल्यास तें मान्य करूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं कापडाची फार टंचाई झाली व इ. स. १९४३ त सरकारनें कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. त्या वर्षांत नवें लुगडें मिळणें दुर्घट झालें तर जुनेरहि दुर्मिळ होणारच. तेव्हां त्या दशकांतील गोधड्यांचे थर मोजण्यासारखे आहेत.

या नियमांस एक पुरवणी जोडली पाहिजे. कापड विणलें गेल्यावर तें गोधडींत जाईपर्यंत पुष्कळ वर्षें जातात. शिवाय लुगडें माहेरचें, आहेराचें किंवा यात्रेंत घेतलेलें असूं शकतें. तुकड्याचें स्थळ म्हणजे गोधडीचें स्थळ नव्हे, आणि तुकड्याचा काळ म्हणजे शिवणीचा काळ नव्हे. हा भेद न पाळल्यास अनर्थ होईल.

६. संग्रहाचा प्रश्न

बंगालची कांथा या बाबतींत भाग्यवान ठरली. गुरुसदय दत्त यांनीं तिचा मोठा संग्रह केला. स्टेला क्रामरिश यांनीं इ. स. १९३९ त तिच्यावर विस्तृत लेख लिहिला. दत्तांच्या संग्रहांत मानदासुंदरी नांवाच्या स्त्रीनें आपल्या वडिलांसाठीं केलेली कांथा आहे व तिच्यावर तसें तिनें दोऱ्यानेंच लिहून ठेविलें आहे. कांथेवर कमळें, हत्ती, रथ, माणसें भरलेलीं असतात. म्हणून कलेच्या अभ्यासकांची दृष्टि तिच्याकडे गेली. आमची गोधडी साधी. तिच्यावर चित्र नाहीं, अक्षर नाहीं. आहेत त्या टांक्यांच्या ओळी. मुलींच्या शिक्षणाचा आरंभ झाल्यावर शिवण व भरतकाम हे विषय शिकविले जाऊं लागले, इ. स. १९०९ त स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें या कामांत मोठी कीर्ति मिळविली. त्या शिक्षणाचे अहवाल आहेत, नमुने आहेत. गोधडी मात्र घरींच शिकावयाची, म्हणून ती कोणत्याहि अभ्यासक्रमांत वा अहवालांत आली नाहीं. विदर्भांत गाडगेबाबांस लोक गोधडे महाराज म्हणत, तेवढ्यापुरतें तिचें नांव सार्वजनिक जीवनांत आलें.

गोधडी टिकत नाहीं, यास कारणें आहेत. ती वापरून झिजते, माणूस गेलें म्हणजे त्याचें अंथरूण-पांघरूण देऊन किंवा टाकून देण्याची चाल आहे, इ. स. १८९६ नंतरच्या प्लेगांत रोग्यांचीं अंथरुणें सरकारी हुकुमानें जाळलीं गेलीं. आणि आतां गिरणीचीं ब्लँकेटें स्वस्त झाल्यामुळें जुन्या गोधड्या चिंधीवाल्याच्या गांठोड्यांत जातात. यंत्रावर शिवलेल्या नव्या गोधड्या विकत मिळतात, व कांहीं बायकांस त्यांतून चार पैसेहि मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नव्या कापडाच्या गोधडींत घराची नोंद असत नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयानें घरगुती वस्तूंस इतिहासांत स्थान मिळवून दिलें, तोच कित्ता येथें गिरविला पाहिजे.

यासाठीं मोठा खर्च नको. तालुक्यांतील प्रत्येक गांवीं एक-दोन शिक्षक वा विद्यार्थी पुढें आले तरी पुष्कळ होईल. गोधडी उसवूं नये. जेथें ती आपोआप उसवली असेल तेथेंच आंतील थर पाहावे. लांबी, रुंदी व थरांची संख्या मोजावी. एका वितींत किती टांके येतात तें मोजावें. दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावीं. शिवणारीचें नांव, माहेर व सासर विचारावें. साल आठवत नसेल तर कोणाच्या जन्माचें, कोणत्या पुराचें, कोणत्या लग्नाचें, तें विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीला शेजारीं बसवून एकेक तुकडा कोणाचा, हें तिच्या तोंडून लिहून घ्यावें. गोधडी तिच्या घरींच राहूं द्यावी. आपण नक्कल न्यावी. हें काम पुढील दहा-वीस वर्षांत झालें नाहीं तर गोधड्या उरल्या तरी त्या वाचून दाखविणाऱ्या उरणार नाहींत.

शेवटीं एकच गोष्ट सुचवितों. ज्या देशी कागदावर आपलीं मोडी दप्तरें लिहिलीं आहेत, तो कागद चिंध्या, जुनें गोणपाट अशा टाकाऊ वस्तूंचा लगदा करून बनवीत, आणि तीं दप्तरें बांधून ठेवलीं तींहि कापडी रुमालांत. म्हणजे आपला लिखित इतिहास चिंध्यांवरच लिहिलेला व कापडांतच राखलेला आहे. ज्या चिंध्यांचा कागद झाला त्यांची आपण शंभर वर्षें सेवा केली. ज्यांची गोधडी झाली त्यांकडेहि आतां पाहावें, अशी या तालुक्यांतील इतिहासप्रेमी मंडळींस विनंति आहे.